आईंच्या खोलीतला गटाराचा वास: शोध आणि दुरुस्तीच्या नोंदी

२० मार्च २०२५

घरात गटाराचा वास येतो आणि कुठून येतो ते सापडत नाही, अशी अडचण असलेल्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून आजपासून तारखेवार लिहिते आहे. काय केलं, काय फसलं, किती पैसे गेले, सगळं.

घर इंदूरच्या राजेंद्र नगरात, १९८६ साली बांधलेलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, सासूबाईंची, म्हणजे आईंची, खोली, बाथरूम आणि संडास. वर २०१४ मध्ये चढवलेल्या दोन खोल्या आणि दोन बाथरूम. गच्चीवर टाक्या आणि २०२३ मध्ये बसवलेला सोलर हीटर. सगळं सांडपाणी मागच्या बोळातल्या आमच्या चेंबरमध्ये उतरतं आणि तिथून महापालिकेच्या लाइनीत जातं.

वास येतो तो आईंच्या खोलीत, बाथरूममध्ये नाही. त्यामुळेच आजवर कुणाला धागा लागलेला नाही. त्या खोलीत ना नळ, ना मोरी, ना बेसिन. वास सडक्या अंड्यांचा, कधी नुसताच कोंदट. रोज येत नाही. आला की अर्धा-पाऊण तास राहतो. आई दीड वर्षापासून सांगताहेत. मधूनमधून त्या उज्जैनला वन्संकडे राहतात, आणि परत आल्या की खोलीत पाऊल टाकताच सांगतात, "आहे गं, आहे." रोज तिथेच वावरणाऱ्याचं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, बाहेरून आलेल्याचं नाही. काल रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून पाहुणे आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनीही त्याच खोलीत खिडकी उघडायला सांगितली. आईंचं देवघर त्या खोलीत आहे. सकाळी पूजेला बसताना त्यांना नाकाला पदर लावावा लागतो, हे मला सहन होत नाही.

आतापर्यंत फिनाईल, डांबरगोळ्या, सुवासिक फवारे आणि ड्रेनमध्ये टाकायची जिवाणूंची पावडर झाली. साधारण ९०० रुपये गेले, वास तसाच.

एक वही केली आहे. वास आला की वेळ लिहायची, आणि त्या वेळी घरात काय चालू होतं ते: पंखा, चिमणी, वॉशिंग मशीन, वरचा फ्लश, खिडक्या उघड्या की बंद.

२३ मार्च

गटाराच्या मागे लागण्याआधी बाकीच्या शक्यता बाजूला काढल्या.

पहिली गॅसची. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात आणि तो वासही कुजकाच. रेग्युलेटर, नळी, शेगडीचे जोड यांवर साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडे नाहीत. हे सगळ्यात आधी करा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो.

दुसरी मेलेल्या उंदराची. तो वास आधी वाढतो, मग आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. असा येऊन-जाऊन दीड वर्ष राहत नाही.

तिसरी पाण्याची. बोअरच्या पाण्याला कधी कधी गंधकाचा वास येतो. नळाला येणारं नर्मदेचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळ्या बादल्यांत भरून अंगणात नेऊन हुंगलं. काही नाही.

उरलं गटार.

२७ मार्च

घरातला प्रत्येक ट्रॅप तपासला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच: बाथरूमच्या जाळीखाली, बेसिनखाली, कमोडच्या आत पाइप वळवलेला असतो आणि त्या वळणात पाणी साठून राहतं. साधारण ५० मिलिमीटर पाणी. गटारातली हवा आणि आपलं नाक यांच्यामध्ये तेवढंच असतं. ते पाणी गेलं की पाइप थेट घरात उघडला.

बॅटरी घेऊन जाळीत बघायचं. पाणी असेल तर चमकतं. वरचं पाहुण्यांचं बाथरूम दिवाळीपासून वापरात नाही, तिथला नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालचा, खडखडीत कोरडा. माळव्यात मार्चमध्ये हवा इतकी कोरडी असते की न वापरलेला ट्रॅप टिकत नाही. बादलीभर पाणी ओतलं आणि वर दोन चमचे गोडं तेल, म्हणजे पाणी उडायला वेळ लागतो. वरच्या मजल्यावरचा अधूनमधून येणारा वास त्या दिवशीच थांबला.

खाली सगळ्या ट्रॅपांत पाणी होतं. आईंच्या खोलीत काहीच फरक नाही.

१ एप्रिल

पाडव्याची गडबड संपल्यावर प्लंबर बोलावला. त्याने खोलीत एक फेरी मारली आणि निकाल दिला, "भाभीजी, कमोड का जॉइंट खुल गया है, दीवार से बास आ रही है।" खालचा संडास आईंच्या खोलीला लागून आहे, त्यामुळे पटण्यासारखं होतं. कमोड उचलला. खालचा जोड शाबूत, पांढरं सिमेंट भरलेलं, कुठे चीर नाही. पुन्हा बसवला. मजुरी, कॉलर आणि सिमेंट मिळून १,८०० रुपये, आणि दिवसभर खालचा संडास बंद. आईंना जिना चढून वर जावं लागलं, तो त्रास वेगळा.

त्याचा पुढचा सल्ला होता खालच्या बाथरूमची फरशी उखडून सगळी लाइन नवी टाकायची. अंदाज ४५ हजार. नाही म्हटलं. कुठून हवा येते आहे हे दाखवल्याशिवाय एक टाइलही फोडू द्यायची नाही, असं ठरवलं आहे.

६ एप्रिल

वहीत दोन वेळा स्पष्ट दिसायला लागल्या. सकाळी साडेसहा ते आठ आणि रात्री साडेसात ते नऊ.

रात्रीची वेळ म्हणजे स्वयंपाकाची. त्या वेळी चिमणी चालू असते आणि डासांमुळे खिडक्या बंद. चिमणी तासाला १,००० घनमीटरच्या वर हवा बाहेर फेकते. तेवढी हवा घरात कुठून तरी यायलाच हवी, आणि खिडक्या बंद असतील तर ती जिथे फट मिळेल तिथून येणार, गटाराच्या पाइपातूनसुद्धा.

म्हणून हवेचा माग काढायचं ठरवलं. आईंच्या वातीच्या कापसातला एक विरळ पुंजका घेतला, बारीक दोऱ्याला बांधला. सगळ्या खिडक्या-दारं बंद, चिमणी पूर्ण वेगात, पंखे बंद. मग तो पुंजका प्रत्येक जाळीपाशी, पाइपाच्या प्रत्येक तोंडापाशी धरत गेले. उदबत्तीनेही हे होतं, पण गटाराच्या तोंडाशी ज्योत किंवा निखारा नेऊ नये. तिथे मिथेन असू शकतो. कापूस बरा.

दोन ठिकाणी तो आतल्या बाजूला ढकलला गेला. एक, मागच्या व्हरांड्यात वॉशिंग मशीनची नळी जमिनीतल्या पाइपात नुसती खुपसलेली होती. त्या पाइपाला ट्रॅपच नाही. दोन, सिंकखालची वळ्यावळ्यांची लवचीक नळी भिंतीतल्या पाइपात सैल शिरलेली, भोवती बोटभर फट.

मशीनच्या पाइपाला पी-ट्रॅप आणि नळीभोवती रबरी बुच. सिंकच्या फटीत रबर रिंग आणि सिलिकॉन. सामान आणि मजुरी ७५० रुपये. हा प्लंबर दुसरा, वयस्कर, बोलणं कमी आणि हात लावण्याआधी बघणारा. यापुढचं काम त्यांच्याकडेच आहे.

९ एप्रिल

वास वाढला. रात्रीचा, आईंच्या खोलीतला, चांगलाच.

सुरुवातीला हिंमत खचली. मग शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की ही बातमी चांगली आहे. चिमणीला जेवढी हवा लागते तेवढी ती ओढणारच. आधी ती तीन-चार भोकांतून येत होती, आता दोन बुजवली, तर उरलेल्यातून जास्त जोराने येते. म्हणजे भोक आणखी एक आहे आणि ते त्याच खोलीत आहे. ज्यांच्याकडे एक गळती बुजवल्यावर वास कमी होण्याऐवजी वाढला असेल त्यांनी काम सोडू नका.

खोलीत कापूस फिरवला. खिडकीच्या चौकटी, विजेचे बोर्ड, स्कर्टिंग. कुठेच हालचाल नाही. एक भिंत पूर्ण कपाटाने झाकलेली आहे, सुताराने जागेवरच बनवलेलं आणि भिंतीला ठोकलेलं. त्याच्यामागे हात जात नाही.

१३ एप्रिल

सकाळच्या वासाकडे वळले. सकाळी चिमणी बंद असते, खिडक्या उघड्या असतात. मग हवा ओढतंय कोण?

खालच्या बाथरूममध्ये स्टूल टाकून बसले आणि नवऱ्याला वर फ्लश ओढायला सांगितलं. जाळीतून गुडगुड आवाज आला आणि पाणी खालीवर हललं. लाकडी पट्टी ट्रॅपमध्ये बुडवून ओल किती वर येते ते मोजलं. फ्लशच्या आधी ५० मिलिमीटर. वरचे दोन्ही फ्लश लागोपाठ ओढल्यावर जेमतेम २०.

हे प्लंबरकाकांनी नीट समजावून सांगितलं. उभ्या पाइपातून पाणी कोसळतं तेव्हा खालची हवा दाबली जाते आणि वरची ओढली जाते. ही हवा आत-बाहेर व्हायला पाइपाचं वरचं टोक गच्चीवर उघडं ठेवतात, तोच व्हेंट. ते टोक बंद असेल तर पाइप आपली हवा घरातल्या ट्रॅपांमधून घेतो आणि घरातच सोडतो. "लाइन साँस नहीं ले पा रही," एवढंच ते म्हणाले आणि थेट गच्चीवर गेले.

गच्चीवर व्हेंट दिसेना. शोधल्यावर सोलरच्या स्टँडखाली सापडला. स्टँडच्या आड येत होता म्हणून तो वीतभर ठेवून कापलेला आणि वर एंड कॅप चिकटवलेली. २०२३ पासून आमच्या घराची उभी लाइन बंद डब्यासारखी होती. आईंनी पहिल्यांदा वासाचं सांगितलं ते त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर.

ज्यांच्या गच्चीवर सोलर, टाकीचा ओटा किंवा पत्र्याची शेड नव्याने झाली आहे, त्यांनी आजच वर जाऊन बघावं.

१७ एप्रिल

व्हेंटचं काम. कॅप कापली. आत कबुतराच्या काड्या किंवा गाळ नाही ना ते बॅटरीने बघितलं. ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्यासाठीचा, पाइप, दोन एल्बो देऊन स्टँडच्या बाहेर काढला आणि कठड्याच्या आधाराने वर नेला. गच्ची वापरात असेल तर तोंड डोक्याच्या वर, दोन मीटर तरी हवं, आणि कुठल्या खिडकीजवळ नको. वर काउल, म्हणजे हवा जाऊ देणारी टोपी, त्याच्या आत जाळी. पाइप, एल्बो, क्लॅम्प, काउल १,४५० आणि मजुरी ९००.

मध्ये एका दुकानदाराने सुचवलं की वर न्यायची कटकट कशाला, आत हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवा. तो व्हॉल्व्ह हवा फक्त आत घेतो. पाण्यापुढे दाबली गेलेली हवा बाहेर सोडत नाही. आमच्याकडे दोन्ही हवं होतं, म्हणून उघडा पाइपच.

काम झाल्यावर वरचे दोन्ही फ्लश ओढले. गुडगुड बंद. पट्टीवर पाणी जागच्या जागी.

२१ एप्रिल

सकाळचा वास पूर्ण गेला. आई आज पूजेला बराच वेळ बसल्या होत्या.

रात्रीचा आहे. म्हणजे वास एक होता पण त्याला हलवणारे दोन होते. सकाळी फ्लशचा दाब, रात्री चिमणीची ओढ. दाब गेला, ओढ राहिली. ज्या भोकातून दोन्ही येत होते ते अजून सापडायचं आहे. रात्री स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली तर वास येत नाही, हे पडताळून पाहिलं. तात्पुरतं तेच करतोय. खिडकीला डासांची जाळी लावून घेतली.

२७ एप्रिल

धुराची चाचणी. लग्नात स्टेजवर धूर सोडतात ते मशीन साउंडवाल्याकडून भाड्याने आणलं. दिवसाचे ६०० रुपये, लिक्विडचे ३५० वेगळे.

आजची चाचणी फसली. मागच्या बोळातलं चेंबर उघडून तिथून धूर सोडला. दुपारी वारा होता, अर्धा धूर बोळातच उडाला. उरलेला लांबच्या थंड पाइपात विरून गेला, घरापर्यंत आलाच नाही. शेजारच्या काकू घाबरून बाहेर आल्या, त्यांना आधी सांगायला हवं होतं, कारण एकाच लाइनीवरच्या घरात ट्रॅप कोरडा असेल तर धूर त्यांच्याकडेही निघू शकतो.

चेंबर उघडताना जे पाळलं ते लिहिते. झाकण काढून बराच वेळ उघडं ठेवलं. जवळ विडी-काडी नाही. कुणी वाकून आत डोकं घातलं नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं, वास येत नाही म्हणजे धोका नाही असं मुळीच नाही. आमचं चेंबर दोन फूट खोल आहे, सगळं वरून हाताने होतं. खोल मॅनहोल किंवा सेप्टिक टँक असेल तर माणूस आत उतरवायचा नाही, थोडक्यात काम होईल असं कुणी कितीही म्हणालं तरी. हाताने मैला उपसण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवायला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी कुणाच्या लेकराला आपल्या घाणीत मरायला पाठवायचं नाही.

४ मे

पुन्हा मशीन, पुन्हा ६०० रुपये. या वेळी पहाटे, वारा पडलेला असताना. चेंबरमधलं महापालिकेच्या लाइनीकडचं तोंड ओल्या पोत्याने बंद केलं. चेंबरचं झाकण लावून घेतलं आणि धूर घराच्या अगदी जवळच्या डोअर बेंडमधून, म्हणजे उघडता येणारं झाकण असलेल्या पाइपाच्या वळणातून, सोडला. आधी सगळे ट्रॅप पाण्याने भरून घेतले होते. गच्चीवरच्या काउलमधून धूर दिसायला लागला तेव्हा नवऱ्याने वर ओलं फडकं बांधलं. आता धुराला जायला वाट नाही, जिथे फट असेल तिथूनच निघणार.

मी आईंच्या खोलीत होते. कपाटाच्या तळाशी, जुन्या साड्यांच्या खणातून, पांढरा धूर हळूहळू बाहेर आला.

आई पलंगावर बसून बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "अगं, इथे मोरी होती!"

ही खोली म्हणजे मूळचं स्वयंपाकघर. १९९८ मध्ये स्वयंपाकघर पलीकडे नेलं, मोरीचा कट्टा फोडला आणि त्या जागी कपाट उभं केलं. नवरा तेव्हा शिकायला भोपाळला होता, सासरे आता नाहीत. घरात हे माहीत असलेल्या फक्त आई, आणि त्यांना गेली दीड वर्षं कुणी विचारलंच नव्हतं की या खोलीत पूर्वी काय होतं. जुनं घर असेल तर प्लंबरला बोलावण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि पूर्वीच्या मोऱ्या, संडास, हौद कुठे होते ते काढून घ्या.

चाचणी संपल्यावर पोतं आणि वरचं फडकं आठवणीने काढलं.

६ मे

सुताराने कपाटाची खालची फळी आणि मागचं प्लाय काढलं, ८०० रुपये. मागे भिंतीच्या तळाशी चार इंची दगडी (स्टोनवेअर, भाजलेल्या मातीच्या) पाइपाचं तोंड. त्यात विटांचे तुकडे कोंबून वर नुसतं प्लास्टर केलेलं. प्लास्टर कडेने गोल फाटलेलं, करंगळी जाईल एवढं. कापूस धरला तर फडफडला.

मग एवढी वर्षं वास का नव्हता? त्याचंही उत्तर मिळालं. तेव्हा ही मोरी मागच्या बोळातल्या उघड्या नालीत पडत होती. उघड्या नालीत गॅस कोंडत नाही. पुढे शहरात नाला टॅपिंग झालं. कान्ह आणि सरस्वती नद्यांत, नाल्यांत पडणारी सांडपाण्याची तोंडं बंद करून ती गटाराच्या लाइनींना जोडली गेली. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय न सोडणारं शहर, ठरलं ते याच कामामुळे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. आमच्या बोळातली नालीही तेव्हाच बुजली, नवं चेंबर झालं, आणि घरातून बाहेर येणारे सगळे जुने पाइप त्यात जोडले. त्यात हा मेलेला पाइपही जोडला गेला, कारण तो बंद आहे हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. त्या दिवसापासून आईंच्या कपाटातून थेट गटारापर्यंत रस्ता होता. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते, जुन्या घरांच्या फरश्या आणि कडा त्याने हलतात. प्लास्टर त्यातच फाटलं असावं. मग २०२३ मध्ये व्हेंट बंद झाला आणि दाबाची हवा त्या फटीतून यायला लागली.

८ मे

पाइप दोन्ही टोकांनी बंद करायचा. एकच टोक बंद केलं तर मधल्या पाइपात पाणी आणि गाळ साठतो किंवा पुढेमागे तीच फट पुन्हा उघडते. चेंबरच्या बाजूला प्लंबरकाकांनी तोंड घासून साफ केलं, विटेचा तुकडा आत बसवून घट्ट सिमेंट भरलं, वरून गुळगुळीत केलं म्हणजे मैला अडकणार नाही. त्याच वेळी शेजारचा गली ट्रॅप, म्हणजे घराबाहेरचा जाळीचा ट्रॅप, तोही उघडला. त्यात मातीच भरली होती, काढली, तुटकी जाळी बदलली.

खोलीच्या बाजूला फुटकं प्लास्टर आणि विटा काढून पाइप आतून कोरडा केला, फूटभर आत पोतं कोंबलं आणि साधं सिमेंट-वाळू भरलं. ४०० रुपये.

११ मे

सिमेंटला कडेने केसाएवढी चीर. उन्हाळ्याच्या दिवसांत ते फार लवकर वाळलं आणि पाइपापासून सुटलं. चिमणी लावून कापूस धरला तर अगदी हळू, पण हलला. वास कुणालाच येत नव्हता, तरी असंच ठेवलं असतं तर वर्षाभरात पुन्हा तिथेच आलो असतो.

सगळं फोडून काढलं. दगडी पाइपाची आतली बाजू तारेच्या ब्रशने खरवडली, पाणी मारून ओली केली, आणि न आकसणारा ग्राउट भरला. तो वाळताना आकसत नाही, म्हणून पाइपाला धरून राहतो. वर ओलं पोतं, आणि आईंनी स्वतः सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपायचं काम घेतलं. ग्राउट ७००, दोन्ही टोकांची मजुरी १,६००, प्लास्टर-रंग ४००.

२० मे

पडताळणी. दारं-खिडक्या बंद, चिमणी पूर्ण वेगात, वरचे फ्लश लागोपाठ. भिंतीपाशी कापूस स्थिर. सगळ्या ट्रॅपांत पट्टीवर पाणी पूर्ण. कपाटाची मागची बाजू अजून उघडीच ठेवली आहे. पावसाळा बघितल्याशिवाय प्लाय ठोकायचं नाही, असं सुतारालाही सांगितलंय.

आई गेला आठवडा उज्जैनला आहेत. त्यांचं नाक ताजं असेल, खरी चाचणी त्यांचीच.

२३ मे

आई आल्या. खोलीत गेल्या, कपाट उघडून आत वाकून हुंगलं, देवघरापाशी उभ्या राहिल्या. "नाही," म्हणाल्या. मग संध्याकाळी चिमणी चालू असताना मुद्दाम पुन्हा विचारलं. "नाही गं. आता साड्या धुवायला काढ, त्यांना लागलाय तो."

साड्या खरंच धुवाव्या लागल्या. कापसाच्या गादीलाही वास धरला होता, ती उन्हात टाकली.

६ जुलै

मधल्या काळात लिहिण्यासारखं झालं नाही म्हणून नोंद नाही. पाऊस चांगला सुरू झाला. एका जोरदार सरीनंतर बोळातली लाइन भरून चेंबरमध्ये पाणी तुंबलं, बाहेर वास आला. घरात नाही. तुंबल्याची तक्रार महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर टाकली, गाडी येऊन लाइन मोकळी करून गेली. त्यानंतर कपाटामागचा ग्राउट बघितला, कोरडा आणि अखंड. आता प्लाय लावून टाकलं.

एकूण खर्च ११,२५० रुपये. त्यातले ३,१०० पाण्यात गेले: फवारे-पावडर, विनाकारण उचललेला कमोड आणि पहिलं सिमेंट. फरशी फोडली असती तर ४५ हजार गेले असते आणि वास राहिला असता, कारण बाथरूमची लाइन ठीकच होती.

राहिलेलं काम: वरच्या बंद बाथरूममध्ये दर महिन्याला बादलीभर पाणी, ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. आणि काल प्लंबरकाकांना दिसलं की हॉलच्या एसीची पाण्याची नळी त्याच उभ्या लाइनीत टी मारून जोडलेली आहे, ट्रॅप नाही. एसी चालू असेपर्यंत नळीच्या झोळात पाणी राहतं म्हणून वास आला नसावा. थंडीत ती कोरडी पडेल. दिवाळीआधी ती नळी सोडवून बागेत काढायची आहे.